विरजण, अबानो खिंडीपलीकडचं

पांढऱ्या टाइलवर
मेंढीच्या रक्तातलं पाणी, एक थेंब.
गुलाबी औषध, एक थेंब.
काडीने ढवळायचं आणि चार मिनिटं
टाइल हातात झुलवत बसायचं.
गुळगुळीत राहिला तर मेंढी निर्दोष.
कण धरले,
दूध नासताना धरतं तसे,
तर कानात लाल बिल्ला.

मी खालून, अख्मेताच्या प्रयोगशाळेतून आले होते.
दोनशे चौदा मेंढ्या, एक घोडा,
आणि झोपडीत घोंगड्यांखाली इमेदा.
संध्याकाळी ताप चढे, पहाटे घामाने उशी भिजे,
दिवसा माणूस उठून पुन्हा धारेला बसे.
"थंडी भरली असेल," तो म्हणाला.
"वय झालं," बायको म्हणाली.
मार्चमध्ये अकरा मेंढ्या गाभडल्या होत्या,
ते कुणी मोजलंच नव्हतं.
म्हणजे मोजलं होतं. बोललं नव्हतं.

म्झेकालाने आधी मला खाऊ घातलं.
नियमात बसत नाही, पण खाल्लं.
तिचं मात्सोनी: दूध उतू जाईस्तोवर तापवलेलं,
करंगळीला सोसेल इतकं निवलेलं,
मग त्यात चमचाभर कालचं,
आणि बरणीला लोकरी शाल,
आत इमेदाला गुंडाळली होती तशीच घट्ट.
विरजणाला ते देदो म्हणतात, आईवरून आलेला शब्द.
तिला ते सासूने दिलं,
सासूला कुणी, ते त्या टेकाडावरच्या दगडांना माहीत.

मग ताटात चीज आलं.
आठ दिवसांचं, कच्च्या दुधाचं,
लोकर आत वळवलेल्या कातड्याच्या पिशवीतलं,
ओलं, खारट, सुंदर.
मी ताट मागे सारलं.
झोपडीतलं बोलणं थांबलं.

"दिसतात का तुला?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.
"आपले कुठले, परके कुठले?"
नाही. वासाला नाही, चवीला नाही.
दूध दोघांनाही सारखंच पांढरं.
आपले दुधाला आंबट करतात,
त्या आंबटात बरेच परके गुदमरतात,
सगळे नाही.
हा चिवट आहे, मिठाला भीत नाही,
साठ दिवस थांबलीस तर बहुधा मरतो.
"बहुधा?"
सरकारी कागदात तो शब्द नाही.
तो माझा.

नऊ थेंबांनी कण धरले.

नऊ मेंढ्या ट्रकमधून खाली गेल्या.
एकोणीस पिशव्या खड्ड्यात, वर चुना.
कुत्री तीन रात्री कडेला बसून होती.
म्झेकालाने घंगाळं, फडकी, लाकडी पळ्या
मीच दिलेल्या क्लोरीनमध्ये बुडवल्या,
आणि घाबरून, बरण्याही.
मी थांबवू शकले असते.
मी यादी तपासत होते.

आनंदावर विरजण पडलं, असं आपण सहज म्हणून जातो.
पडलं म्हणजे नुकसान, हे कुणी ठरवलं?
त्या घरात विरजण संपलं होतं,
आणि रात्री दूध तापवायला
कुणी उठलं नाही.

इमेदाला सहा आठवडे दोन रंगांच्या गोळ्या.
खाली आल्यावर माझ्या रक्ताचाही थेंब घेतला,
कारण आदल्या वर्षी, दुसऱ्या एका कुरणावर,
मी ताट सारलं नव्हतं.
चौथं मिनिट फार लांब असतं.
गुळगुळीत.

एक गोष्ट मात्र मी नोंदवली नव्हती.
पहिल्याच दुपारी, थेंबांच्या आधी,
तिने लहान बरणीत देदो बांधून दिलं होतं,
नमुना म्हणून नाही, वाटेत खायला.
खिंडीच्या वळणांवर ती मांडीत धरून बसले होते.
मग अख्मेतातल्या दोन खोल्यांच्या घरात वर्षभर,
दर तिसऱ्या रात्री, तापवून निवलेल्या दुधात
कालचं चमचाभर.

जूनमध्ये रस्ता उघडला.
म्झेकालाने बरणी उजेडाकडे धरली,
हुंगली, बोट बुडवून चाटलं.
"आंबट झालंय," म्हणाली. "शहरात राहिलं ना."
आणि पातेलं चुलीवर चढवलं.
यंदा चीजच्या दुधाचंही.